खोक्यातला कागद : भारत आणि चीन यांच्या कागदव्यापाराची तुलना

सुरतेला दक्षिणेकडून लागून असलेल्या उधना स्थानकातून तापी खोऱ्याचा लोहमार्ग पूर्वेकडे वळतो. सुरत ते अमळनेर हा मार्ग १९०० साली पुरा झाला आणि पुढील काळात खानदेशातील असंख्य कुटुंबे याच मार्गाने मागावरच्या कामासाठी येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांच्याबरोबर अहिराणी बोली आली आणि मराठी वृत्तपत्र व मराठी पुस्तकही आले. या लोहमार्गाचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा ध्यानी येत नाही. उधन्यात वेष्टनाचा, म्हणजे पुठ्ठ्याचा आणि खाकी क्राफ्टचा कागद खपतो. तेथून थोड्या अंतरावरील सोनगड येथे लिहिण्या-छापण्याच्या कागदासाठी ओळखली जाणारी गिरणी आहे. जळगाव, भुसावळ ओलांडून गाडी बदलीत बऱ्हाणपूरच्या पुढे गेले की नेपानगर लागते. वर्तमानपत्री कागदाची भारतातील पहिली गिरणी ती हीच. पॅकिंग, पुस्तक आणि वर्तमानपत्र ही कागदाची तिन्ही रूपे अशी एकाच वाटेवर भेटतात.

या तिन्ही रूपांचे भाव उधन्यात ठरत नाहीत, सोनगडात नाहीत आणि नेपानगरातही नाहीत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते ठरण्यात चीनचा हात फार मोठा आहे. म्हणून भारत आणि चीन या दोन देशांच्या कागदव्यापाराची मूल्ये कालक्रमाने शेजारी ठेवून पाहणे हा केवळ आकडेमोडीचा छंद ठरत नाही. वर्गणी वाढवावी की वृत्तपत्रांची संख्या कमी करावी या चिंतेत सापडलेल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाला हा प्रश्न, नकळत का होईना, भेटलेलाच असतो.

चीनचे ऋण जुने आहे. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन याने कागद तयार करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असे चिनी बखरी सांगतात. तेथून ही विद्या मध्य आशियामार्गे पश्चिमेकडे आणि भारतात आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे साक्षेपी अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी कागदाच्या या चीन-ते-भारत प्रवासावर १९४४ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. पंधराव्या शतकाच्या आरंभी चिनी आरमाराबरोबर आलेला मा हुआन हा प्रवासी बंगालमध्ये झाडाच्या सालीपासून केलेला पांढराशुभ्र कागद पाहून थक्क झाला होता. ज्यांनी विद्या दिली त्यांनीच शिष्याच्या कामाची वाखाणणी करावी, असा तो प्रसंग. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदाने पेशवाईचे दप्तर सांभाळले; पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्याचीच खूण आहे.

इंग्रजी अमदानीत हातकागदाचा हा व्यवसाय खचला. विलायतेतील यंत्रांचा स्वस्त माल आणि तुरुंगात कैद्यांकडून करवून घेतलेला कागद या दोहोंच्या मध्ये कागदी चिरडले गेले. १८८० नंतरच्या दशकात टीटागढला आणि पुण्याजवळ मुंढव्याला गिरण्या निघाल्या. १९२५ साली बांबूपासून कागद करणाऱ्यांना जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला. चीनमध्येही याच काळात हातकागदाच्या जोडीला शांघायच्या परिसरात गिरण्या आल्या. दोन्ही देशांचा हा काळ तुलनेसाठी फारसा उपयोगी नाही. कारण दोघांचाही व्यापार परक्यांच्या धोरणाने चाले.

खरी तुलना सुरू होते ती १९५० च्या आगेमागे. भारतात १९५०-५१ मध्ये कागद आणि पुठ्ठा मिळून सुमारे १ लाख १६ हजार टन उत्पादन झाले. चीनमध्ये १९४९ साली गिरणी-कागदाचे उत्पादन सुमारे १ लाख १० हजार टन होते. म्हणजे शर्यतीचा आरंभ जवळजवळ एकाच रेषेवरून झाला. भारताचा आकडा १९६०-६१ मध्ये ३ लाख ४९ हजार, १९७०-७१ मध्ये ७ लाख ५५ हजार, १९८०-८१ मध्ये साडेअकरा लाख आणि १९९०-९१ मध्ये २० लाख ८८ हजार टन असा चढत गेला. ही वाढ कमी लेखण्याजोगी नव्हे. चाळीस वर्षांत ती अठरा पट आहे. तथापि चीनने १९७८ मध्येच सुमारे ४४ लाख टनांचा पल्ला गाठला होता आणि १९९० साली तो १ कोटी ३७ लाख टनांवर जाऊन पोहोचला. २००९ मध्ये त्याने अमेरिकेला मागे टाकले. २०२३ साली चीनचे उत्पादन सुमारे १२ कोटी ९६ लाख टन होते. भारतात दरडोई कागदाचा वापर वर्षाला पंधरा-सोळा किलोच्या घरात, जगाची सरासरी सुमारे ५७ किलो, आणि चीनची नव्वदीच्या आसपास असे हे प्रमाण आहे.

उत्पादनाचे चित्र असे सरळ आहे. व्यापाराचे मूल्य मात्र इतके सरळ बोलत नाही. भारताच्या आयातीच्या वहीत ‘कागद, पुठ्ठा व त्यांच्या वस्तू’ या सदराखाली १९६०-६१ मध्ये १२ कोटी रुपये, १९७०-७१ मध्ये २५ कोटी, १९८०-८१ मध्ये १८७ कोटी, १९९०-९१ मध्ये ४५६ कोटी आणि २०००-०१ मध्ये २००५ कोटी रुपये अशी नोंद आढळते. वरवर पाहणाऱ्यास वाटेल की आयात दर दशकाला दुपटी-सातपटीने फुगत गेली. पण हेच आकडे डॉलरमध्ये मांडले तर अनुक्रमे अडीच कोटी, सव्वातीन कोटी, साडेतेवीस कोटी, साडेपंचवीस कोटी आणि सुमारे ४४ कोटी असे उतरतात. म्हणजे १९८० ते १९९० या दशकात रुपयांतील आयात जवळजवळ अडीच पट झाली, तर डॉलरमधील वाढ शेकडा आठांच्या आसपासच होती. उरलेला सारा फुगवटा रुपयाच्या घसरणीचा. १९६६ च्या आणि १९९१ च्या अवमूल्यनांनी वहीतील शून्ये वाढविली, गोदामातील रिळे नव्हेत. चीनच्या बाबतीतही १९९४ साली युआनच्या दोन दरांचे एकत्रीकरण झाले तेव्हा हाच घोटाळा उद्भवतो. दोन देशांची तुलना करू पाहणाऱ्याने आपापल्या नाण्यातील आकडे शेजारी ठेवण्याचा मोह प्रथम टाळला पाहिजे.

याहून अधिक बोलका असा एक तपशील शेजारच्याच सदरात दडलेला आहे. ‘लगदा आणि रद्दी कागद’ यांची भारताची आयात १९८०-८१ मध्ये अवघी १८ कोटी रुपयांची होती. तयार कागदाच्या आयातीच्या एक-दशांश. १९९०-९१ मध्ये तीच ४५८ कोटी झाली, म्हणजे तयार कागदाच्या ४५६ कोटींच्या बरोबरीस येऊन बसली. येथे रुपयाच्या घसरणीची सबब पुरत नाही. डॉलरमध्येही ती दोन कोटी वीस लाखांवरून साडेपंचवीस कोटींवर गेली होती. दहा वर्षांत देश कागद विकत घेणारा न राहता कागदाचा कच्चा माल विकत घेणारा होऊ लागला. भारताच्या कागदव्यापाराचे खरे वळण हे आहे, आणि ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कधीच आले नाही.

हे वळण का आले? बांबू संपत चालला होता. १९७० नंतरच्या दशकात कागदाची टंचाई इतकी तीव्र झाली की १९७४ मध्ये सरकारने उत्पादन-नियंत्रणाचा हुकूम काढून पाठ्यपुस्तके आणि वह्या यांसाठी पांढरा कागद सवलतीच्या दराने देण्याचे बंधन गिरण्यांवर घातले. मोठ्या गिरण्यांना त्यात रस उरला नाही. उलट गव्हाचा काड, उसाची चिपाडे आणि रद्दी यांवर चालणाऱ्या लहान गिरण्यांना अबकारीत सूट मिळाल्याने त्या पावसाळी छत्र्यांप्रमाणे उगवल्या. पुष्कळांनी परदेशातील मोडीत निघालेली यंत्रे आणून बसविली. दक्षिण गुजरातेत वापीच्या परिसरात अशा गिरण्यांची दाटी झाली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल उद्योगांना देण्याचा मार्ग बंद केला आणि कारखानदारांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावे असे सांगितले. निर्णय जंगलाच्या हिताचा होता यात शंका नाही. परंतु निलगिरी आणि सुबाभूळ वाढेपर्यंत गिरणीचे पोट भरायचे कशाने? बंदरावर उतरणाऱ्या परदेशी रद्दीने ते भरले.

वर्तमानपत्री कागदाची कथा निराळी आहे आणि वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याची. नेपानगरची गिरणी पंडित नेहरूंच्या हस्ते १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. सलईचे लाकूड आणि बांबू हा तिचा आधार. तिची सुरुवातीची क्षमता वर्षाला तीस हजार टन होती, आणि देशाची भूक तिच्याहून कितीतरी मोठी. उरलेला कागद कॅनडा, सोव्हिएत रशिया, स्कँडिनेव्हिया येथून येई आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्याचे वाटप सरकार करी. कोणत्या पत्राने किती पाने छापावीत हेही कोट्यावरून ठरू लागले. दहा पानांच्या मर्यादेचे हे धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात रद्द केले. कागदाची आयात हा परराष्ट्रव्यापाराचा विषय असतानाही न्यायालयाला त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिसले, ही गोष्ट व्यापाराचे तक्ते वाचणाऱ्यांनी विसरू नये अशी आहे.

आता चीनकडे वळू. तेथेही जंगल तुटपुंजेच होते. १९७८ पर्यंत चीनचा कागद मुख्यतः गव्हाच्या काडावर आणि बोरूवर चाले आणि गावोगावच्या हजारो लहान गिरण्या नद्या काळ्या करीत. १९९६ साली राज्यपरिषदेने एका आदेशाने अशा हजारो गिरण्या बंद केल्या. भारतात लहान गिरण्यांना सवलती मिळाल्या, चीनमध्ये त्यांना कुलपे लागली. दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या त्या येथे. कुलपे लावण्याची ती रीत किती कठोर होती आणि किती लोक देशोधडीस लागले असतील, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी मोकळी झालेली जागा भरून काढण्यासाठी चीनने जे केले ते लक्षणीय होते. त्याने अमेरिका आणि युरोप यांची रद्दी उचलण्यास प्रारंभ केला. चिनी माल घेऊन अमेरिकेस गेलेली जहाजे परतताना रिकामी येत. त्यांत जुनी खोकी भरून आणणे जवळजवळ फुकट पडे. झांग यिन या महिलेने या एका निरीक्षणावर ‘नाइन ड्रॅगन्स’ ही कंपनी १९९५ मध्ये उभारली आणि २००६ साली चीनमधील सर्वांत श्रीमंत व्यक्ती म्हणून तिचे नाव यादीत झळकले.

२००० साली चीन सुमारे ६० लाख टन तयार कागद बाहेरून घेत होता. २००७ च्या सुमारास चित्र उलटले आणि चीनची कागद-निर्यात आयातीहून अधिक झाली. त्याच वेळी रद्दीची आयात वाढत जाऊन २०१२ मध्ये ती सुमारे तीन कोटी टनांवर पोहोचली. तिचे मूल्य सहा अब्ज डॉलरच्या आसपास होते. वहीत पाहिले तर चीन रद्दीवर अब्जावधी डॉलर खर्च करणारा देश दिसतो. त्या रद्दीचे पुढे काय झाले हे मात्र कागदाच्या वहीत पूर्णपणे उमटतच नाही, आणि ते समजण्यासाठी उधन्याच्या कारखान्यांत डोकावणे सोयीचे ठरते.

उधन्यातील मागाला जो कृत्रिम धागा लागतो तो पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतो. जकार्डच्या मागावर नक्षी उठते ती पिढ्यान्पिढ्या भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून उठत आली. साडी तयार झाली की ती पुठ्ठ्याच्या छापील खोक्यात बसते आणि अशी अनेक खोकी मोठ्या पेटाऱ्यात जातात. म्हणजे वस्त्रोद्योगाच्या आरंभापासून अखेरपर्यंत कागद आहेच. तरीही ही साडी जहाजावर चढली की जकातीच्या वहीत नोंद होते ती केवळ वस्त्राची. जगभर चालणाऱ्या जकात-वर्गीकरणात लगदा आणि रद्दी सत्तेचाळिसाव्या प्रकरणात येतात, कागद आणि रिकामे खोके अठ्ठेचाळिसाव्यात, छापील पुस्तक एकोणपन्नासाव्यात. परंतु त्याच वर्गीकरणाच्या पाचव्या नियमानुसार मालाबरोबर जाणारे नेहमीचे वेष्टन त्या मालाच्याच सदरात गणले जाते. खोके रिकामे असेल तर कागद. त्यात साडी ठेवली की ते नाहीसे होते!

सुरतेच्या बाबतीत हे प्रमाण मर्यादित, कारण येथील बहुतेक माल देशातच खपतो. चीनच्या बाबतीत मात्र जगातील दूरचित्रवाणी संच, खेळणी, पादत्राणे अशा असंख्य वस्तू ज्या खोक्यांत गेल्या, तो सारा कागद कागदाच्या निर्यातीत कोठेच मोजला गेला नाही. अमेरिकेची जुनी खोकी सत्तेचाळिसाव्या प्रकरणातून आत आली आणि नवी होऊन खेळण्यांच्या प्रकरणातून बाहेर पडली. म्हणून भारत आणि चीन यांच्या कागद-निर्यातीच्या मूल्यांची नुसती तुलना करणारा तक्ता चीनचा वाटा प्रत्यक्षापेक्षा लहान दाखवितो आणि रद्दीवरील त्याचा खर्च मात्र पुरेपूर दाखवितो.

तुलनेच्या वाटेतील आणखी काही खाचखळगे थोडक्यात सांगता येतील. भारताचे वर्ष एप्रिलपासून, चीनचे जानेवारीपासून. आयात नोंदविताना जहाजभाडे आणि विमा धरतात, निर्यात नोंदविताना धरीत नाहीत. त्यामुळे ‘चीनकडून भारताने घेतलेला कागद’ आणि ‘चीनने भारतास विकलेला कागद’ हे आकडे कधीच जुळत नाहीत. हाँगकाँग आणि तैवान यांचे हिशेब वेगळे ठेवले जातात. हे खळगे मोठे नाहीत, पण माहीत नसले तर पाय मुरगळतो.

२०१७ च्या जुलैमध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेस कळविले की वर्गवारी न केलेली रद्दी यापुढे आत येऊ दिली जाणार नाही. २०२१ च्या पहिल्या दिवसापासून घनकचऱ्याची आयातच पूर्णपणे बंद झाली. तीन कोटी टनांची रद्दीची आयात २०२० मध्ये सुमारे ६९ लाख टनांवर आली आणि पुढील वर्षी नाममात्र उरली. पाश्चात्त्य देशांत रद्दीचे ढीग साचले, भाव कोसळले आणि तो माल भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम इकडे वळला. चीनला मात्र खोक्यांसाठी लगदा हवाच होता. तेव्हा ज्या रूपात रद्दी आणता येत नाही तिची आधी परदेशात रिळे करून ती आणावी, असा उपाय निघाला. २०२० साली चीनची तयार कागदाची आयात एक कोटी १५ लाख टनांवर गेली. निर्यातीच्या जवळजवळ दुप्पट. तेरा वर्षांपूर्वी उलटलेला तराजू पुन्हा फिरला.

त्या तराजूत भारताचे पारडे अकस्मात जड झाले. क्राफ्ट कागदाची रिळे भारतातून चीनला जाऊ लागली. भारताची कागद आणि पुठ्ठ्याची एकूण निर्यात २०२१-२२ मध्ये जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी वाढून १३,९६३ कोटी रुपयांच्या विक्रमावर गेली. कागद गिरण्यांसाठी ही दिवाळी होती. खोकी बनविणाऱ्यांसाठी मात्र शिमगा. २०२० च्या अखेरीपासून क्राफ्टचे दर असे चढले की देशभरच्या खोकी-उत्पादकांनी निर्यातीवर निर्बंध घालण्याची मागणी केली. ज्या मालाच्या निर्यातीने देशाच्या वहीत जमेची बाजू भरत होती, त्याच मालाच्या अभावी लहान कारखानदाराच्या वहीत खर्चाची बाजू भरत होती. अशा वेळी देशाचा एकच आकडा देशातील सर्वांची गोष्ट सांगत नाही.

वर्तमानपत्री कागदाचे हाल त्याहून अधिक. भारतातील गरजेच्या निम्म्याहून अधिक कागद बाहेरून येई. २०१९ च्या जुलैमध्ये त्यावर दहा टक्के आयातकर बसला, २०२० च्या फेब्रुवारीत तो पाच टक्के झाला. पाठोपाठ महासाथीत वाचक घटले. परदेशातील गिरण्यांनी वर्तमानपत्री कागद सोडून खोक्यांचा कागद धरला, आणि २०२२ साली युक्रेन युद्धाने रशियाकडील पुरवठा डळमळीत केला. टनामागे भाव हजार डॉलरच्या पलीकडे गेला. अनेक वृत्तपत्रांनी पाने कमी केली. एके काळी पाने कोट्याने ठरत, आता ती बाजारभावाने ठरू लागली; न्यायालयात दाद मागण्याची सोय मात्र या वेळी नव्हती.

त्यानंतर वारे पुन्हा बदलले. चीनने स्वतःच्या गिरण्या अफाट वाढविल्या आणि त्यांचा माल उलट भारताकडे येऊ लागला. आग्नेय आशियातील करारानुसार शून्य कराने येणारा माल त्यात भर घालू लागला. २०२३-२४ मध्ये भारताची आयात सुमारे ३४ टक्क्यांनी वाढून १९ लाख टनांच्या पुढे गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बहुपदरी पुठ्ठ्यावर टनामागे ६७,२२० रुपये अशी किमान आयात-किंमत मार्च २०२६ अखेरपर्यंत ठरवून दिली. शंभर वर्षांपूर्वी विलायती कागदाविरुद्ध जी मागणी होत असे, तिचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

उधन्याच्या लोहमार्गावरील दोन्ही गिरण्यांनीही या काळात आपले रूप पालटले. सोनगडची सेंट्रल पल्प मिल १९९२ मध्ये जे. के. समूहाकडे गेली, लिहिण्या-छापण्याच्या कागदासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गिरणीने २००७ च्या सुमारास पॅकिंगचा पुठ्ठा काढण्यास आरंभ केला आणि २०२१-२२ मध्ये वर्षाला १ लाख ७० हजार टन पुठ्ठा देणारे नवे यंत्र बसविले. पुस्तकाच्या कागदाहून खोक्याच्या कागदाला मागणी अधिक आहे, याची ही रोख साक्ष. नेपानगरची गिरणी नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये थांबली ती सहा वर्षे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा सलईच्या लाकडाचा उल्लेख मागे पडला होता; तिची नवी यंत्रे छापील रद्दीतील शाई काढून तिचा लगदा करण्यासाठी उभारलेली आहेत.